दऱ्यांचा दर्या झाला तेव्हा

गिरगावातल्या एका जुन्या ग्रंथालयाची ऑनलाइन यादी मी सांभाळते. नोकरी वेगळी आहे, हे काम सुट्टीच्या दिवसांचं. माझे आजोबा तिथले वर्गणीदार होते, लहानपणी त्यांचं बोट धरून मी तिथे जायची, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि मी ते आनंदाने घेतलं. पोस्टग्रेसचा डेटाबेस, पायथनमध्ये लिहिलेलं साधं संकेतस्थळ, वर एक शोधायची चौकट. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "अगं, एकजण वऱ्हाडी बोलीवर अभ्यास करतायत. मी 'वऱ्हाड' घालून शोधलं तर चारच पुस्तकं येतायत. मला इथून कपाटात नऊ दिसतायत."

मी बघितलं. खरंच चार. यादीत खाली खाली जात हाताने शोधलं तर बाकीची पाचही होती, नावात 'वऱ्हाड' स्पष्ट लिहिलेलं. त्यातल्या एका नावातून तो शब्द उचलून चौकटीत चिकटवला, तर दोन पुस्तकं आली आणि आधीची चार गायब झाली. मी अक्षर मोठं करकरून बघत बसले. व, त्यापुढे ऱ्हा, मग ड. कुठेही काहीही फरक नाही. पंधरा दिवस मी एकटीच झगडले आणि मग ठरवलं की हे दादरला न्यायचं.

दादरला आमचा प्रोग्रामरांचा गट भरतो. महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच ते आठ. रविवार मुद्दाम टाळलेला आहे, कारण मेगाब्लॉक असला की कल्याणकडची आणि पनवेलकडची माणसं येऊच शकत नाहीत. एका क्लासची खोली आहे, तिथे दिवसभर दहावीची मुलं शिकतात आणि संध्याकाळी आम्ही त्याच बाकांवर बसतो. वर्गणी म्हणजे चहा-वडापावचे पैसे. ज्याला अडचण आहे त्याने फळ्यावर आपलं नाव आणि एका ओळीत प्रश्न लिहायचा. तेवढी एकच शिस्त.

पहिल्या खेपेला मी लिहिलं: 'मराठी सर्च नीट चालत नाही. कुठलं टूल वापरू?'

उत्तरांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, डेटाबेसच्या भरवशावर राहू नकोस, स्वतंत्र सर्च इंजिन लाव. कुणी तीन अक्षरांचे तुकडे करून शोधायची युक्ती सांगितली. एकाने त्याच्या ऑफिसात काय वापरतात ते आकृती काढून दाखवलं. मी सगळं लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात रोज रात्री जागून एक सर्च इंजिन बसवलं, सगळी पुस्तकं त्यात ओतली, 'वऱ्हाड' घातलं. चार पुस्तकं आली.

त्या लोकांचं काही चुकलं नव्हतं, हे मला आजही वाटतं. मी टूल विचारलं, त्यांनी टूल सांगितलं. आमच्या धंद्यात टूलबद्दल बोलायला सगळ्यांना आवडतं आणि त्यात ज्ञानही खरं असतं. पण मला माझा प्रश्नच माहीत नव्हता.

त्या दिवशी निघताना गटातले सगळ्यात जुने सर जिन्यात भेटले. बँकिंगच्या सिस्टीमवर आयुष्य गेलेला माणूस, फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "पुढच्या वेळी दोन ओळी आण. एक सापडणारी, एक न सापडणारी. बाकी सगळं घरी ठेवून ये."

हे ऐकायला सोपं आहे. करायला मला तीन रात्री लागल्या. आधी पूर्ण डेटाबेसची नक्कल घेतली आणि त्यातलं एकेक टेबल काढून टाकत गेले. प्रत्येक वेळी बघायचं, अडचण अजून आहे ना? आहे. मग ओळी कमी केल्या, शंभर, दहा, दोन. अडचण तिथेच. मग डेटाबेसच काढला. पायथनची एक छोटी फाइल केली, त्यात सापडणाऱ्या नावातला 'वऱ्हाड' आणि चिकटवून शोधलेला 'वऱ्हाड' शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्ही सारखे आहेत का असं विचारलं. उत्तर आलं: फॉल्स, म्हणजे नाही. मग दोन्हींची लांबी, म्हणजे आत किती चिन्हं आहेत ते विचारलं. एकाची ६, दुसऱ्याची ७.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते, घरात सगळे झोपले होते, आणि मला ओरडावंसं वाटत होतं. सर्च, इंडेक्स, सर्व्हर या कशाचाच संबंध नव्हता. दोन शब्द दिसायला एक होते आणि आतून वेगळे होते. मी न सापडणारी उरलेली तीन नावंही तपासली. त्यांचीही लांबी ७. म्हणजे पाचही एकाच प्रकारची, असं मी धरून चालले. ते चूक होतं, पण ते नंतर कळलं.

दुसऱ्या खेपेला फळ्यावर लिहिलं: 'वऱ्हाड आणि वऱ्हाड सारखे का नाहीत?'

प्रोजेक्टरवर माझ्या दहा ओळी लावल्या. कल्याणहून येणारी एक मुलगी आहे, टेस्टिंगमध्ये काम करते. ती लगेच म्हणाली, "ताई, लांबी नको. प्रत्येक अक्षराचं नाव छाप." युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, प्रत्येक चिन्हाला एक आकडा आणि एक अधिकृत नाव असतं, आणि पायथनमध्ये 'युनिकोडडेटा' नावाचं मॉड्यूल ती नावं सांगतं. मी ते टाकलं. पडद्यावर दोन याद्या उमटल्या. पहिलीत व, मग 'आरआरए' म्हणजे ऱ असं एकच अक्षर, मग विरामा म्हणजे आपला पायमोड, मग ह, काना, ड. दुसरीत 'आरआरए' नव्हतंच. त्याच्या जागी साधा र आणि त्यामागे एक 'नुक्ता', म्हणजे खालचं टिंब.

खोलीत एकदम बोलणं सुरू झालं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "अहो, हा तर ऱ्ह चा घोळ. तुमच्याकडे तिसरा पण असणार. तुमची जुनी यादी कुठल्या फॉन्टात होती?"

हे आमचे डीटीपीवाले काका. परळला एका छापखान्यात त्यांची हयात गेली. कॉलेजमध्ये प्रोग्रामिंग शिकलेले नाहीत. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणायची छोटी छोटी स्क्रिप्टं लिहिता लिहिता शिकले आणि कुणीतरी त्यांना गटात आणलं. तोवर मी त्यांच्याशी कधी बोललेही नव्हते. आमची जुनी यादी नव्वदीच्या दशकातल्या एका नॉन-युनिकोड फॉन्टात होती आणि ती कन्व्हर्टरमधून काढली होती, असं मी सांगितलं.

काका फळ्याकडे गेले आणि खडू घेतला. "वऱ्हाडातला र तीन वाटांनी येतो," म्हणाले. "पहिली वाट, इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्डवर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की सरळ ऱ येतो, एकच अक्षर, आकडा ०९३१. त्याला पायमोड दिला की झालं. दुसरी वाट, तुम्ही आत्ता दाखवलीत ती, र आणि खाली टिंब. तिसरी वाट, साधा र, पायमोड आणि पुढे न दिसणारा जॉइनर." झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचा सांधा. स्वतः दिसत नाही, पण शेजारच्या अक्षरांनी कसं जुळायचं ते सांगतो. जुने कन्व्हर्टर बहुतेक हीच तिसरी वाट धरतात. यातली कुठलीही वाट बेकायदा नाही. ऱ वापरायची रीत युनिकोडच्या प्रमाणग्रंथात आहे आणि जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून जॉइनरचीही तिथे मान्य केलेली आहे.

मी तिथेच उरलेल्या तीन नावांची अक्षरं छापली. तिन्हींत जॉइनर. र, पायमोड, जॉइनर. तोही मोजला तर ७ च होतो. बाईंच्या नऊ पुस्तकांचा हिशेब लागला: चार त्यांनी स्वतः इनस्क्रिप्टवर टाइप केलेली, तीन जुन्या यादीतून आलेली. उरली दोन, नुक्तावाली. ती कुठून आली?

याचं उत्तर तिसऱ्याच माणसाने दिलं. मोबाइल ॲप करणारा एक मुलगा, कायम मॅकवर काम करणारा. त्याने विचारलं, "ही नावं कुठल्या फाइलच्या नावावरून घेतलीयेत का?" आणि मला आठवलं. एका स्वयंसेवकाने पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो काढले होते, फायलींना पुस्तकांची नावं दिली होती, आणि नव्या पुस्तकांची नोंद मी त्या फायलींच्या नावांवरूनच केली होती. त्याच्याकडे जुना मॅक होता. मॅकची जुनी फाइल सिस्टीम, म्हणजे फायली ठेवायची पद्धत, एचएफएस प्लस, फाइलचं नाव साठवताना अशी जोड-अक्षरं सुटी करून साठवायची. ऱ दिला की र आणि नुक्ता करून ठेवायची. २०१७ मध्ये ॲपलने नवी फाइल सिस्टीम आणली, तिच्यात हा प्रकार नाही. पण तो मॅक त्याआधीचा होता.

हे मला घरी बसून कधीही सापडलं नसतं. एक टेस्टर, एक छापखान्यातला माणूस आणि एक मोबाइलवाला, तिघांकडे एकेक तुकडा होता. त्यांना तो जोडता आला, कारण समोर फक्त दोन शब्द होते.

उपायही तिथेच ठरला. युनिकोडमध्ये नॉर्मलायझेशन नावाची सोय आहे. सारख्या अर्थाची सुटी आणि जोडलेली रूपं त्यात एका रूपावर आणली जातात. पायथनमध्ये ती आहे, पोस्टग्रेसमध्येही १३ व्या आवृत्तीपासून आहे. घरी जाऊन मी ती चालवली. नुक्तावाली दोन पुस्तकं लगेच रांगेत आली. सहा झाली. जॉइनरवाल्या तिघांना मात्र नॉर्मलायझेशन हात लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने जॉइनर असलेला आणि नसलेला मजकूर एकच नाही.

इथे मी घाई केली. न दिसणारं अक्षर, मग त्याचं काय काम, असं म्हणून मी एका आज्ञेत सगळ्या यादीतले जॉइनर पुसून टाकले. थेट मूळ टेबलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन. आवाज शांत होता, पण त्यांना बोलायला जड जात होतं हे कळत होतं. "भटकंतीच्या पुस्तकांच्या विषयात तू काही बदललंस का? मी 'डोंगर-दऱ्या' लिहिलं होतं. आता तिथे 'डोंगर-दर्या' आहे."

दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. दर्या म्हणजे समुद्र. जॉइनर होता तोवर र यच्या अंगाला पापणीसारखा चिकटलेला होता. जॉइनर गेला आणि त्याचा रफार होऊन तो डोक्यावर जाऊन बसला. पडद्यावर काही दिसत नव्हतं म्हणून मी त्याला कचरा समजले होते, आणि सगळ्या फरकाचा भार त्याच्यावरच होता. जुन्या यादीतल्या प्रत्येक ऱ्य आणि ऱ्ह ची हीच गत झाली होती. 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' झालं होतं, जे मराठीत कुणी लिहीत नाही. रोज रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं. संध्याकाळी आदल्या रात्रीची प्रत परत बसवली, बाईंना फोन करून सांगितलं आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आधी दाखवत जा मला, मग बदल."

तिसऱ्या खेपेला मी हे सगळं गटात जसंच्या तसं सांगितलं. काका म्हणाले, "जॉइनर काढायचा नाही. त्याच्या जागी काय हवं ते ओळखायचं. र, पायमोड, जॉइनर हे तीन एकत्र दिसले की त्यांचा ऱ आणि पायमोड करायचा. दुसरीकडचे जॉइनर नंतर बघू." सर एवढंच म्हणाले, "मूळ मजकुराला हात लावू नकोस. शोधायला वेगळा कॉलम ठेव." आणि कल्याणच्या मुलीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट आठवण करून दिली, की शोधणारा माणूस चौकटीत जे टाइप करेल तेही त्याच चाळणीतून गेलं पाहिजे. नाहीतर आत सगळं स्वच्छ आणि बाहेरून येणारं पुन्हा तीन वाटांनीच.

मग काकांनी मला तपासणीसाठी शब्द सांगितले. वडापावच्या बिलाच्या मागे मी लिहून घेतले. दऱ्या आणि दर्या. आचाऱ्यांना, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, आणि आचार्यांना. तऱ्हा, गोऱ्हा, कऱ्हाड, किनाऱ्यावर, सूर्य, कार्य. ज्यांचा र बदलायला हवा ते आणि ज्यांना धक्का लागता कामा नये ते, दोन्ही. शेवटी ते म्हणाले, "ॲ पण घाला." कारण ॲ हे एकच अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देत, कुणी मध्ये जॉइनरही घालत. आजही तिन्ही प्रकार सर्रास दिसतात आणि इथे नॉर्मलायझेशन काहीच मदत करत नाही, ती रूपं आपली आपणच जुळवून घ्यावी लागतात. ऑ चं तेच. आमच्याकडे 'ॲटलास' तीन ठिकाणी विखुरलेले होते, ते असे एकत्र आले.

ते बिलामागचे शब्द आज माझ्या टेस्टच्या फाइलीत आहेत. प्रोग्राममध्ये काहीही बदललं की आधी ते सगळे तपासले जातात. दऱ्या आणि दर्या एक झाले तर बदल पुढे जातच नाही. नव्या कॉलमचा बदल मी आधी बाईंना समोर बसून दाखवला. चर्नी रोडला उतरून, ग्रंथालयात, त्यांच्याच संगणकावर. त्यांनी 'वऱ्हाड' टाइप केलं. नऊ आली. मग त्यांनी स्वतःहून 'दर्या' टाइप केलं आणि एकही डोंगराचं पुस्तक येत नाही ना, ते बघितलं.

त्यानंतर गटात मी बाकावर बसून नुसती ऐकत नाही. बदलापूरहून येणारा एक विद्यार्थी शब्दमोजणीचा प्रोग्राम घेऊन आला होता. त्याच्या यादीत मराठी शब्दांचे तुकडे पडत होते, 'पाणी'चे प आणि ण असे सुटे. त्याने फळ्यावर लिहिलं होतं, 'मराठीसाठी चांगली लायब्ररी कुठली?' मी त्याला शेजारी बसवून आधी एकाच शब्दापर्यंत आणलं. पायथनच्या ठरावीक रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीत, शब्दातलं अक्षर ओळखायचं जे चिन्ह आहे, ते काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही, म्हणून शब्द तिथे तुटतो. 'रेजेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल घेतलं की शब्द अखंड राहतो. टूल शेवटी मीही सांगितलंच, पण त्याचा शब्द कुठे तुटतोय ते त्याला स्वतःला दिसल्यावर.

त्याच दिवशी त्याने मला गिटमधलं, म्हणजे प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातलं, बायसेक्ट शिकवलं. मी दहा वर्षं गिट वापरते आणि हे कधी वापरलं नव्हतं. कुठला तरी जुना बदल चांगला होता आणि आजचा बिघडलेला आहे एवढं सांगायचं. ते मधला बदल काढून देतं, आपण चालवून बघायचं, चांगला की वाईट ते सांगायचं, की ते उरलेल्याचा अर्धा भाग टाकून देतं. हजार बदलांतून दोषी बदल दहाएक पायऱ्यांत सापडतो. वऱ्हाडच्या वेळी मी हाताने जे तीन रात्री केलं, तीच ही रीत, फक्त काळाच्या दिशेने. ते मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग ताई, तुम्हाला येतच होतं की."

गेल्या आठवड्यात बाईंचा पुन्हा फोन आला. विषयवार यादी त्यांनी छापून घेतली होती. "यात 'काळ' हा शब्द 'कावळा'च्या आधी आलाय. आपल्या शब्दकोशात ळ तर ह च्या नंतर येतो ना गं?"

येतो. युनिकोडच्या आकड्यांत मात्र ळ बसला आहे ल आणि व यांच्या मध्ये, आणि माझी यादी त्या आकड्यांच्या क्रमाने लागते. मी पायथनची एक नवी फाइल केली आहे. तिच्यात चारच शब्द आहेत: कावळा, काशी, काहूर, काळ. शनिवारी तेवढेच घेऊन जाणार आहे.